साडेसहा हजारांची बरणी आणि पुढचं शिक्षण

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. सोबत जपानी शिकते, भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी झाली आहे. मागच्या दिवाळीत मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी वस्तूंचं दालन पाहून आली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. शिष्यवृत्तीच्या पैशांतून तिने जुन्या बाजारातून साडेसहा हजारांना एक निळी-पांढरी बरणी आणली. ‘तीनशे वर्षांची आहे, बुडाला राजाचं नाव आहे,’ म्हणाली. जाणकाराला दाखवली तर नवीच निघाली. तेव्हापासून तिचे वडील तिच्याशी धड बोलत नाहीत. आता ती बी.एस्सी. सोडून कलेचा इतिहास शिकायचं म्हणते. तिचे काका म्हणतात, पाच लाख घालतो, जुन्या चिनी-जपानी वस्तूंचं ऑनलाइन दुकान काढू दे. यात खरंच पोट भरतं का? आम्ही काय करावं?
— एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी बरणीचं बोलू, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं तेच आहे. ती बरणी फेकू नका आणि तिच्यावरून लेकीला बोलूही नका. ती फसली, पण आळसाने फसली नाही. तिला बुडावरची अक्षरं वाचता आली, म्हणून ती फसली. चिनी भांड्यांवर अनेकदा सहा अक्षरं असतात : महान छिंग घराण्याच्या अमुक बादशहाच्या काळात बनवलेलं. तिच्या बरणीवर बहुधा कांग्शी बादशहाचं नाव असेल. त्याची कारकीर्द १६६२ ते १७२२, म्हणजे ‘तीनशे वर्षं’ तिथून आली. जपानी शिकणाऱ्या मुलीला ही अक्षरं ओळखीची वाटणार आणि वाचता आल्याचा आनंदही होणार.

पण चीनमध्ये आधीच्या काळाचं नाव नव्या भांड्यावर घालायची पद्धत फार जुनी आहे. दर वेळी त्यामागे फसवणूकच असते असं नाही. पूर्वजांच्या कामाबद्दलचा आदर म्हणूनही ते घालत. खुद्द कांग्शीच्या काळात घडलेल्या भांड्यांवर दोनशे वर्षं आधीच्या मिंग काळातल्या छंगह्वा बादशहाचं नाव सापडतं. जपानी कुंभारांनीही तेच नाव आपल्या भांड्यांवर घातलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशी पाठवायच्या मालावर कांग्शीचं नाव सर्रास येऊ लागलं आणि आजही ते घातलं जातं. अक्षरं सांगतात ते तपासायचं असतं बुडाच्या कड्यावर. तिथे झिलई नसते, उघडी माती दिसते. तिचा रंग कसा आहे, कण किती बारीक आहेत, कडा कशी तासली आहे, दीडशे-दोनशे वर्षं सरकवून झालेली झीज खरी आहे की घासून आणलेली, हे बोटाला कळायला लागतं. त्याला वर्षं लागतात.

भरवशाच्या खुणाही असतात, पण त्या साध्या आणि कमी दिमाखदार. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा करून आयात मालावर मूळ देशाचं नाव बंधनकारक केलं. तेव्हापासून जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ आलं. १९२१ नंतर ‘निप्पॉन’ चालेना, ‘जपान’ लिहावं लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळातल्या मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ दिसतं, तो काळ १९५२ मध्ये संपला. तुमच्या कुणा नातलगाकडे जपानी चहाचा जुना सेट असेल तर लेकीला त्याचं बूड बघायला सांगा. फुकटचा धडा आहे. आणि शंभर वर्षं पुरी झाल्याशिवाय वस्तू ‘अँटीक’ होत नाही, त्याच्या अलीकडची ‘व्हिंटेज’, हा भेदही तिथेच समजेल.

आता मुख्य मुद्दा. बी.एस्सी. सोडू देऊ नका. ‘आवड वेगळी, पोटाचं वेगळं’ असल्या हिशोबाने मी हे म्हणत नाही. या आवडीलाच तिचं रसायनशास्त्र हवं आहे.

निळ्या-पांढऱ्या भांड्यातला निळा म्हणजे कोबाल्ट. इराणकडून आलेल्या कोबाल्टमध्ये लोह जास्त, मँगेनीज कमी. चीनमध्ये खणलेल्यात मँगेनीज जास्त. क्ष-किरणांचं एक उपकरण भांड्याला ओरखडाही न पाडता हे प्रमाण सांगतं. जपानी छापचित्रांमधला गडद निळा, म्हणजे प्रशियन ब्लू, साधारण १८३० पासून तिथे भरपूर वापरात आला. टिटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमाराचा, म्हणजे एखाद्या ‘अठराव्या शतकातल्या’ फुलदाणीच्या कडेवर तो सापडला तर तिथे नंतर कुणीतरी हात फिरवला आहे. अतिनील दिव्याखाली जुनी डागडुजी वेगळी चमकते. हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या मुलीला आत्ताच समजतं. नुसता कलेचा इतिहास शिकलेल्याला ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

जपानी लाखकामाचंही तसंच. आपण त्याला लाखकाम म्हणतो, पण आपली लाख किड्यापासून मिळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. जपान्यांची उरुशी हा झाडाचा चीक. तो दमट हवेत घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की स्पिरिटने सुटत नाही. जुन्या उरुशीच्या पेटीवर मागाहून कुणी लाखेचं पॉलिश चढवलं असेल तर ते कसं उतरवायचं, हे या एका फरकावर ठरतं. फुटलेलं भांडं सोन्याच्या रेषेने सांधतात ती किंत्सुगीही उरुशीचीच. हल्ली एपॉक्सी गोंदाचे संच विकत मिळतात. त्यांवर हात बसवायला हरकत नाही, पण ते किंत्सुगी नव्हे.

उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं आहे. हे मी माहितीसाठी सांगत नाही, शेवटी पुन्हा त्याकडे येईन.

या विषयात मुंबईत जन्मलेला एक माणूस जगात मोठा झाला, हे तिच्या वडिलांना जरूर सांगा. सर पर्सिव्हल डेव्हिड, जन्म १८९२. वडील सर ससून डेव्हिड, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. पर्सिव्हल यांनी जमवलेली सुमारे १,७०० चिनी भांडी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत दोन उंच फुलदाण्या आहेत. मानेवर झिलईखाली निळ्या रंगात मजकूर लिहिलेला आहे : कुणी, कोणत्या देवळाला, कोणत्या वर्षी वाहिल्या. ते वर्ष निघतं १३५१. चौदाव्या शतकातली निळी-पांढरी भांडी ओळखायला जगभरचे अभ्यासक याच जोडीशी ताडून पाहतात. पर्सिव्हल यांच्याकडे पैसा होता, तुमच्याकडे नाही, हे खरं. पण पैसेवाले संग्राहक पुष्कळ झाले. हा माणूस चिनी शिकला, चौदाव्या शतकातला संग्राहकांसाठीचा चिनी ग्रंथ त्याने इंग्रजीत आणला. अक्षर वाचणं आणि भांडं जोखणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. तुमच्या लेकीकडे त्यातल्या पहिल्या गोष्टीची सुरुवात झाली आहे.

काकांच्या पाच लाखांबद्दल माझं स्पष्ट मत : घेऊ नका. काका प्रेमाने देताहेत, पण एकवीस वर्षांच्या मुलीने या बाजारात विकायला बसणं म्हणजे ती एक बरणी पन्नास वेळा विकत घेणं. शिवाय कायदा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढच्या कलावस्तूंचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू भारतातच घडलेली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही. म्हणजे पारशी घराण्यांनी चीनमधल्या कँटन बंदराच्या व्यापारातून आणलेली फुलदाणी किंवा गोव्यातल्या एखाद्या घरातलं मकाववरून आलेलं ताट, इथून ऑनलाइन परदेशी विकायला गेलात तर अडचणीत याल. हस्तिदंताची तर गोष्टच नको. जपानी नेत्सुके, किमोनोच्या पट्ट्याला अडकवायचे ते चिमुकले कोरीव गोळे, बरेच हस्तिदंती असतात आणि वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. चीनही १९११ च्या आधीच्या पुरावस्तू बाहेर जाऊ देत नाही. जपानात जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पोलिसांमार्फत परवाना काढावा लागतो आणि व्यापाऱ्यांचे आपसातले लिलाव परवानाधारकांपुरतेच असतात.

जुन्या फर्निचरचंही उदाहरण घ्या. चिनी दरबारी फर्निचरचं सर्वांत मानाचं लाकूड ‘झितान’. अभ्यासक ते बहुतेक करून रक्तचंदन मानतात, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत वाढतं तेच. आजही त्याच्या तस्करीची मोठी ओढ चीनकडे आहे. जुन्या खुर्चीचा विषय असा आजच्या जंगलापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून मला दुकानदारीपेक्षा जुन्या वस्तूंचं संवर्धन आणि अभ्यास हा रस्ता तिच्यासाठी बरा वाटतो.

तर रस्ता असा. बी.एस्सी. पूर्ण. त्याच काळात जपानीची पुढची पातळी, एन-२. परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुणे केंद्र आहे. पदवीनंतर संवर्धन किंवा वस्तुसंग्रहालयशास्त्र. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्तुसंग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. दिल्लीची जुनी नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज झाली, तिथे कलावस्तू संवर्धनाचं एम.ए. करता येतं. तिच्यासाठी मी पहिली पसंती संवर्धनाला देईन, कारण तिथे विज्ञान शाखेच्या मुलीचं पारडं जड असतं.

त्यानंतर जपान. तिथल्या सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत शिकवणीचा खर्च आणि दरमहा भत्ता मिळतो. अर्ज दूतावासामार्फत, साधारण एप्रिल-मेच्या सुमारास. तोक्योच्या कला विद्यापीठात संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. सागा विद्यापीठाचा चिनी मातीचा विभाग तर थेट आरिता गावात आहे, जिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानची पहिली पोर्सिलेन भांडी भाजली गेली आणि जवळच्या इमारी बंदरातून जहाजांत चढली. पण त्या मुलाखतीत ‘मला जपानी कला आवडते’ हे पुरत नाही. ‘मी अमुक झिलईवर अमुक तपासण्या केल्या, पुढे हे शोधायचंय’ असं सांगता यायला हवं.

आता पोटाचं. फसवे आकडे मी देणार नाही. भारतात वस्तुसंग्रहालयातल्या कायम जागा थोड्या, बरंचसं काम प्रकल्पावर आणि कंत्राटी, सुरुवातीचा पगार बेताचा. चिनी-जपानी भांड्यांचा बाजारही आपल्याकडे लहान आहे. पण तिच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या आसपास जपानी कंपन्या पुष्कळ आहेत आणि एन-२ झालेल्या दुभाष्याला काम मिळतं. त्यात तांत्रिक शब्द समजणारी विज्ञानाची पदवीधर असेल तर अधिकच. पदवीनंतर दोन वर्षं तिने हे काम करून स्वतःचे पैसे साठवले आणि मग संवर्धनाकडे गेली, तरी उशीर झाला असं मी म्हणणार नाही. या कामात तिशीच्या हाताला विशीच्या हातापेक्षा जास्त कळतं.

आणि हाताची तयारी आजपासून सुरू होते, तीही तुमच्या घराशेजारी. मिरज तुमच्यापासून किती लांब? सुट्टीत आली की तिथल्या सतारमेकरांकडे चार-आठ दिवस नुसतं बसू द्या. लाकूड कसं पारखतात, सांधा कसा बसवतात, लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्याने थरावर थर कसं चढवतात, ते बघू दे, जमलं तर करू दे. खिळा न मारता जोडलेली चिनी खुर्ची किंवा जपानी तान्सू कपाट पुढे समोर येईल तेव्हा या आठवड्याचा उपयोग होईल.

पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या संशोधकांनी चौलला केलेल्या उत्खननात चिनी भांड्यांची खापरं मिळाली आहेत. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन परिसरातही मिळाली. शिकायला अखंड फुलदाणीपेक्षा खापर बरं, कारण तुटलेल्या कडेत माती आणि झिलई दोन्ही उघडी दिसतात. रीतसर पत्र लिहून, परवानगी काढून ती बघायला मिळतात का हे तिने विचारावं. एक मात्र बजावून सांगा : कुठल्याही जुन्या जागी जमिनीवर पडलेलं खापर उचलून घरी आणायचं नाही.

तिच्या वडिलांना माझा निरोप. साडेसहा हजार गेले याचं दुःख मी समजू शकते. पण तिने ती बरणी लपवली नाही, जाणकाराकडे नेली, ‘नवी आहे’ हे ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं. असं सांगायचं धैर्य मोठमोठ्या संग्राहकांना होत नाही. या धंद्यात तेच सर्वांत आधी लागतं. एकदा तिच्यासोबत मुंबईला जा. टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या वस्तू त्या चिनी-जपानी दालनात आहेत. तिला एकच भांडं निवडू दे, त्याच्यासमोर तासभर उभी राहू दे, वहीत त्याची बाह्यरेषा काढू दे. मग घरी येऊन आपल्या बरणीची बाह्यरेषा शेजारच्या पानावर काढू दे. ती दोन पानं मला पाठवा.

आणि पत्रात एक जरूर कळवा : तिला बिब्बा उततो का? उतत असेल तर उरुशीपासून तिला जपावं लागेल, आणि मग लाखकामाऐवजी मी तिला सरळ चिनी मातीकडेच वळवेन.