भयपट इतका पैसा कमावतात, मग दिग्दर्शकाच्या वाट्याला त्यातले किती येते?

भयपट थोड्या खर्चात प्रचंड कमाई करतात, तेव्हा त्यांचे दिग्दर्शकही गब्बर होत असतील ना, असे आपण विचारले आहे. काही जण होतात, पुष्कळ जण होत नाहीत, आणि हा फरक बहुतेक वेळा चित्रपटाचे हक्क कोणाच्या नावावर आहेत यामुळे पडतो.

कमाईचे कारण उघड आहे. भयपटाला मोठा नट लागत नाही. एक घर, दोन-चार कलाकार आणि नेमका आवाज एवढ्यावर प्रेक्षक खुर्चीत दचकतो. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सॅन दिएगोतील स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला आणि २००९ मध्ये तो सर्वत्र लागल्यावर जगभरात १९ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला. मात्र पॅरामाउंट या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने वितरणावर आणि जाहिरातीवर केलेला खर्च या १५ हजारांत धरलेला नाही, त्यामुळे असे आकडे जपूनच वाचावेत.

रहस्य-भयपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांना हे गणित फार आधी उमगले होते. ‘सायको’वर पैसा लावायला पॅरामाउंट नाखूश होती, तेव्हा त्यांनी आपल्या दूरचित्रवाणी मालिकेचे तंत्रज्ञ हाताशी घेऊन सुमारे ८ लाख डॉलरमध्ये कृष्णधवल चित्रपट पुरा केला, अडीच लाख डॉलरच्या मानधनावर पाणी सोडले आणि त्याऐवजी चित्रपटात ६० टक्के हिस्सा घेतला. १९६० मधील त्या यशाने त्यांना मानधनाच्या कित्येक पट पैसा मिळवून दिला. आज निर्माते जेसन ब्लम यांची ब्लमहाउस ही भयपट काढणारी कंपनी थोड्याफार फरकाने हेच करते: आधी मानधन कमी, चित्रपट चालला तर नफ्यात वाटा.

शिवाय भयपटाचे आयुष्य लांब असते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये जेमतेम चालला, पण २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. म्हणूनच हक्क हातचे गेले, तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही.

अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि ते मला आजही खुपते. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ त्यांनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी पदरचे पैसे घालून, पाडायला काढलेल्या एका शेतघरात, रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरून सव्वा लाख डॉलरच्या आतच बनवला. १९६८ मध्ये वितरकाने नाव बदलले, पडद्यावर नाव दाखवणाऱ्या नव्या नामपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. त्यानंतर कोणीही त्याच्या प्रती काढून विकाव्यात, दूरचित्रवाणीवर दाखवाव्यात, आणि ज्यांनी तो घडवला त्यांना एक पैही देऊ नये, असे वर्षानुवर्षे चालले. पुढे १९९० मध्ये टॉम सॅव्हिनी यांनी त्याच कथेवर नवा चित्रपट केला. त्याची पटकथा रोमेरो यांचीच होती आणि निदान या आवृत्तीचे हक्क तरी मूळ मंडळींना मिळावेत, हाही त्यामागचा एक हेतू होता.