धातू दुर्मिळ असेल, तर तो एकाच खाणीत एवढा कसा सापडतो?

लिथियम, टँटलम, सीरियमसारखे धातू दुर्मिळ म्हणवतात, मग त्यांच्या खाणी कशा, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. गोंधळ ‘दुर्मिळ’ या शब्दाने होतो. भूकवचात सीरियम साधारण तांब्याइतकाच आहे. पण तांबं गंधकाशी जुळतं आणि जागोजागी साठतं, सीरियम बहुतेक खडकांत चिमूटचिमूट विखुरलेला राहतो. तेव्हा खरा प्रश्न तो एका जागी गोळा कसा होतो, हा आहे.

ग्रॅनाइटचा शिलारस निवताना फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक यांचे स्फटिक आधी धरतात. त्यांच्या जाळीत लिथियमचा आयन फार लहान पडतो, सीझियमचा फार मोठा, तर टँटलमवरचा विद्युतभार जास्त. ज्याला कुठेच जागा मिळत नाही, ते सगळं उरलेल्या रसात साचत जातं. सोबत पाणी, बोरॉन, फ्लोरिनही साचतात. त्यांनी रस पातळ होतो, अणू सहज हलतात, आणि थोड्याच स्फटिकांना वाढायला मोकळं रान मिळतं. हा शेवटचा रस भेगांत शिरून थिजला की होतो पेग्मटाइट. अमेरिकेत साउथ डकोटातल्या एटा खाणीत स्पोड्युमीन या लिथियम खनिजाचा सुमारे 14 मीटर लांबीचा स्फटिक निघाला होता!

अशा खडकातलं लेपिडोलाइट मी पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा नखाने त्याचे जांभळट पापुद्रे सुटत होते. दिसायला अभ्रकच, पण लिथियम असलेलं. ते पापुद्रे पाहिल्यावर ‘शेवटचा रस’ म्हणजे काय, ते मला खरं उमगलं. बहुतेक पेग्मटाइटांत मात्र असलं काही नसतं, नुसता क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि साधं अभ्रक. रस फार पुढपर्यंत गाळला गेला, तरच धातू जमतात.

स्वीडनमधल्या इटरबी गावची खाणही अशाच पेग्मटाइटातली, फेल्डस्पारसाठी खणलेली. तिथल्या एका काळ्या दगडातून रसायनशास्त्रज्ञ गाडोलिन यांनी 1794 मध्ये इट्रियमचं ऑक्साइड वेगळं केलं. पुढे इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, अर्बियम या चार मूलद्रव्यांना याच गावाचं नाव मिळालं.

सीरियम, इट्रियम आणि त्यांच्या भाईबंदांना दुर्मिळ मृदा धातू म्हणतात. त्यांच्या अमेरिकेतल्या माउंटन पास या खाणीची गोष्ट वेगळी. तिथला खडक कार्बोनेटाइट, म्हणजे कार्बोनेटने भरलेल्या शिलारसाचा.

दक्षिण चीनमध्ये तर पावसानेच काम केलं. ग्रॅनाइट जागेवरच कुजून माती झाला, दुर्मिळ मृदा धातू सुटले आणि चिकणमातीच्या कणांना वरवर चिकटून राहिले. प्रमाण अगदी कमी, पण पकड इतकी सैल की क्षाराच्या द्रावणाने ते धुऊन काढता येतात. खडक फोडायची गरजच पडत नाही.