वाचकांचे प्रश्न : कृष्णविवराची सावली आणि आइनस्टाइनची कसोटी

प्रश्न : कृष्णविवराच्या छायाचित्रामुळे आइनस्टाइन यांचा सिद्धान्त खरा ठरला, असे वाचले. एका धूसर कड्यावरून हे कसे ठरवतात? पुढे आलेल्या, रेषांचा भोवरा दाखवणाऱ्या चित्राने त्यात काय भर पडली?

उत्तर : त्या कड्याचा नारिंगी रंग नंतर भरलेला आहे, दुर्बिणींनी टिपल्या त्या १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी. सिद्धान्ताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कड्याचा आकार. ठरावीक मर्यादेच्या आत शिरलेला प्रकाश कृष्णविवरातून सुटत नाही, म्हणून मध्ये काळोख दिसतो, आणि आइनस्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्तानुसार या सावलीचा व्यास घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून काहीच बाहेर पडू शकत नाही त्या सीमेच्या, व्यासाच्या सुमारे २.६ पट असतो. कृष्णविवर स्वतःभोवती फिरत असले तरी त्यात थोडाच फरक पडतो. त्यामुळे वस्तुमान आणि अंतर ठाऊक असेल, तर सावली केवढी दिसावी हे आधीच सांगता येते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या चित्राबाबत इथेच अडचण होती. ताऱ्यांच्या गतीवरून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सहा अब्ज पटींहून अधिक येत होते, तर वायूच्या गतीवरून जवळपास निम्मे; कड्याने पहिल्या आकड्याला दुजोरा दिला. माझ्या मते खरी कसोटी २०२२ मध्ये लागली. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटेरियस ए* (ए-स्टार) या कृष्णविवराचे वस्तुमान, म्हणजे सुमारे चाळीस लाख सूर्यांइतके, भोवतालच्या ताऱ्यांच्या कक्षांवरून आधीच काटेकोरपणे मोजलेले होते. त्यावरून सावली सुमारे ५० मायक्रोआर्कसेकंदांची (एक मायक्रोआर्कसेकंद म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाचा दहा लाखावा भाग) अपेक्षित होती; निरीक्षणातून सुमारे ४९ मिळाली. मात्र मोजणीत सातेक मायक्रोआर्कसेकंदांची अनिश्चितता असल्याने, सापेक्षतेपासून थोडेसेच ढळणारे पर्यायी सिद्धान्त अजून बाद झालेले नाहीत.

भोवऱ्याचे चित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले, एम ८७ चेच. त्यातील रेषा ध्रुवीकृत, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाच्या कंपनाची दिशा दाखवतात. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे ही दिशा ठरते, वाटेतला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा तप्त वायू) ती फिरवतो आणि गुरुत्वाकर्षणही वळवते. ही सरमिसळ सोडवणे कठीण असल्याने या चित्राने मुख्यतः चुंबकीय क्षेत्राची माहिती दिली. त्याच कृष्णविवराच्या २०१७ आणि २०२१ मधील निरीक्षणांत भोवऱ्याची दिशा चक्क उलटली, पण कड्याचा व्यास तसाच राहिला. म्हणजे व्यास गुरुत्वाकर्षणाच्या हाती आणि भोवरा बहुतांशी प्लाझ्माच्या.

कृष्णविवराला अर्धा वळसा घालून आलेल्या प्रकाशाचे बारीक कडे या चित्रांत दडलेले असावे. ते वेगळे दिसले, तर त्याच्या ध्रुवीकरणावर गुरुत्वाकर्षणाचा ठसा अधिक ठळक असेल. पण त्यासाठी पृथ्वीच्या व्यासाहून दूर पसरलेल्या, म्हणजे अवकाशातही ठेवलेल्या दुर्बिणी लागतील.