फ्लोटिंग ब्रिज बंद करायचाय तर लाकूड घाल, एपॉक्सी नको

दुकानदाराला गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो धातूचा भाग, चिकटवू देऊ नकोस. बाकीचं खाली सविस्तर लिहितोय, पण हे आधी. तू लिहिलंयस की जत्रेच्या ऑर्केस्ट्रात गाण्यागणिक ट्युनिंग बदलावं लागतं, लो ई (सगळ्यात जाड तार) उतरवून डी केली की बाकीच्या पाचही तारा चढतात, आणि दुकानात म्हणाले एपॉक्सी भरून कायमचा फिक्स करून देतो. ते शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो, कारण माझ्या गिटारीचं हेच झालंय.

ब्रिज का तरंगतो वगैरे तुला माहीत असणारच. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा, तराजूसारखं. नऊच्या सेटचा (सगळ्यात बारीक तार 0.009 इंच) ताण सहा तारा मिळून साधारण 38 किलो, दहाच्या सेटचा 47 च्या आसपास, आणि त्याचा तोल सांभाळेल इतकं स्प्रिंगांनी मागून ओढायचं. एक तार सैल केलीस की स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या चढतात, एक तार बेंड केलीस की बाकीच्या उतरतात. बिघाड काही नाही, त्याची रचनाच तशी आहे. त्यामुळे ‘ब्रिज खराब आहे, बदला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता माझं. गिटार सेकंडहँड, फ्लॉइड रोझ लायसन्सवाला (त्या डिझाइनच्या परवान्याने बनवलेला) तरंगता ब्रिज, लॉकिंग नट (नेकच्या टोकाला तारा स्क्रूने आवळून धरणारा). आम्ही तेव्हा फोंड्याच्या बाजूला जत्रा, लग्नं, शिगम्याचे कार्यक्रम असं सगळं वाजवायचो. दुकानाचं नाव सांगत नाही, गावही राहू दे. तिथे नेली, म्हटलं बार (ब्रिज हलवायची दांडी) मला नकोच, ब्रिज हलायचा बंद करा. हातात आली तेव्हा ट्युनिंग झकास टिकत होतं. घरी ॲम्पला लावली तर सतत गुंऽऽ. नेहमी कसं, गिटार थोडी गुणगुणते आणि तारांवर हात ठेवला की गप्प होते, हिला हात लावला काय आणि काढला काय, काहीच फरक नाही. परत नेली तर म्हणाले तुमच्या घरचं अर्थिंग खराब असणार. इलेक्ट्रिशियन बोलावला, अर्थिंग ठीक निघालं. परत नेली, म्हणाले पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) गेलाय. नवा पिकअप त्यांच्याचकडून घेतला, बसवायचे पैसे वेगळे, आवाज तसाच. मग म्हणाले स्वस्तातली गिटार आहे, हे असं असतंच. आणि एवढ्या सगळ्यात त्या माणसाने मागचं कव्हर एकदाही उघडून बघितलं नाही, जे त्यानेच बंद केलं होतं. पैशांपेक्षा मला आजही हेच जास्त लागतं, की समोरचा विश्वासाने गिटार देतोय आणि तू चार स्क्रू काढायची तसदी घेत नाहीस.

शेवटी मडगावला व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी कव्हर काढलं. आत एकही स्प्रिंग नव्हती. सस्टेन ब्लॉकच्या (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागे प्लायवुडचा तुकडा, त्यावर सगळीकडे पिवळट एपॉक्सी, आणि क्लॉला (स्प्रिंगा अडकवायची धातूची पट्टी) सोल्डर केलेली काळी वायर तशीच, पण तो क्लॉ पुढे कशालाच जोडलेला नाही. ती वायर म्हणजे तारांचं ग्राउंड. वायरमधून क्लॉ, क्लॉमधून स्प्रिंग, तिथून ब्लॉक, ब्रिज आणि मग तारा, असं ते जातं. स्प्रिंगा काढल्या की मधेच तुटलं. बिचाऱ्या पिकअपचा काही संबंध नव्हता. त्यांनी सोल्डरिंग आयर्न ब्लॉकच्या धातूला टेकवून गरम करत करत, एपॉक्सी मऊ पडेल तशी खरवडून काढली, कडेचं थोडं लाकूडही त्याबरोबर आलंच.

म्हणून, काहीही कर, निदान एक तरी स्प्रिंग जागेवर ठेव. काम झाल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक तारेला, एक जॅकच्या बाहेरच्या रिंगला लाव, बीप आलाच पाहिजे.

लाकडाचं असं. आधी ब्रिज बॉडीला समांतर असताना गिटार नीट ट्यून कर, मग मागून बघ, ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना गॅप दिसेल. बार दाबला की ब्लॉक मागे, पट्ट्याच्या बटणाच्या दिशेने जातो, त्या बाजूच्या गॅपमध्ये पहिला तुकडा. बरोबर मापाचा, हाताने दाबून घट्ट बसेल इतका, हातोडी घ्यायची नाही. थोडा मोठाच कापून सँडपेपरने उतरवत आण. तो बसला की क्लॉचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल कर, म्हणजे तारांचा ताण ब्लॉकला त्या लाकडावर दाबून धरेल. बरेच जण इथे थांबतात आणि मग स्टेजवर तार तुटली की स्प्रिंगा ब्लॉकला नेकच्या बाजूला खेचतात आणि सगळं ट्युनिंग वर जातं. म्हणून दुसरा तुकडा नेकच्या बाजूला, स्प्रिंगांच्या खालून सरकवायचा. दोन्ही बाजू भरल्या की तार तुटो नाहीतर लो ई डी करो, बाकीच्या हलत नाहीत. सगळ्या तारा एकदम काढणार असशील तेव्हा तुकडे पडू नयेत म्हणून डबल टेपचा छोटा तुकडा चालेल, बास.

लाकूड कुठलं, तर सागवान किंवा मुरलेलं फणसाचं, फर्निचरच्या कुठल्याही सुताराकडे कटपीस मिळतो. खोक्याच्या फळ्या नकोत, मऊ असतात, दबतात. प्लायवुड आपल्याकडच्या पावसाळ्यात मला नको वाटतं. आणि लाकडाचे रेषे खाचेच्या भिंतीकडून ब्लॉककडे जातील असा तुकडा काप, आडवे नाही. लाकूड ओल धरून फुगतं ते रेषांच्या आडवं, लांबीला जवळजवळ नाहीच, त्यामुळे जून-जुलैतही माप तेच राहतं.

ट्रेमोल-नो नावाची वस्तू मिळते, क्लॉच्या जागी बसते आणि थंबस्क्रूने लॉक होते. चांगली आहे, पण सरळ रेषेत बसवावी लागते आणि ग्राउंडची वायर तिला नव्याने सोल्डर करावी लागते. बार अधूनमधून हवा असेल तर घे, तुला नकोच असेल तर पैसे कशाला घालवायचे. स्ट्रॅटसारखा (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) सहा स्क्रूचा ब्रिज असता तर क्लॉ आवळून, पाच स्प्रिंगा लावून बॉडीवर टेकवला असता तरी भागलं असतं. गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या स्ट्रॅटमध्येही पाच स्प्रिंगा आणि लाकडाचा ठोकळा असतो, त्यामुळे हा कमीपणाचा उपाय आहे असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. सस्टेन (सूर लांबणं) वाढतो म्हणतात, मला तरी सांगण्यासारखा फरक ऐकू आला नाही, तुझे कान वेगळं सांगतील कदाचित.

लॉकिंग नटला तीन पॅड असतात, दर पॅडखाली दोन तारा. ब्रिजवरच्या छोट्या फाइन ट्यूनरने ई ची डी होणार नाही, तेवढी रेंज नसते, म्हणून लो ई आणि ए वरचा पॅड सैलच ठेव. 3 एमएमची चांगली ॲलन की घे, झिजलेली वापरलीस तर स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग फार त्रास. सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) स्क्रूंना पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आपल्या हवेत गंज पटकन धरतो.

आणि जत्रेच्या मांडवात वाजवतोस म्हणून सांगतो, माईकला तोंड लावायच्या आधी माईकची जाळी आणि गिटारची तार यांच्यामध्ये मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघ. काही दिसलं तर साउंडवाल्याला थांबव, लाजू नकोस. मात्र शॉकच्या भीतीने तारांचं ग्राउंड तोडायचं नाही, मांडवाचं अर्थिंग दुरुस्त करून घ्यायचं.

मी काही ट्रेनिंग घेतलेला रिपेअरवाला नाही, वरचं सगळं माझ्या गिटारीवरून आणि मित्रांच्या दोन-तीन गिटारींवरून सांगतोय, तुझ्या ब्रिजच्या आतली जागा थोडी वेगळी असू शकते. कापायच्या आधी मागचं कव्हर काढून फोटो टाक, क्लॉ आणि वायर दोन्ही दिसतील असा, आणि ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची गॅप मिलिमीटरमध्ये लिही. तुकडे केवढे लागतील ते बघून सांगतो.