एका गच्चीवरच्या रिसीव्हरने मॅन्युव्हर कन्फर्म होतो का?

तू लिहिलंयस की इंदूरच्या सुदामानगरातल्या गच्चीवरच्या रिसीव्हरमध्ये एका जीपीएस सॅटेलाइटचं रेसिड्युअल (मोजलेलं अंतर आणि हिशेबाने यायला हवं ते अंतर यांतला फरक) अचानक ४०० मीटरच्या घरात गेलं, बाकीचे सगळे नीट, मग हा मॅन्युव्हरच ना, म्हणजे सॅटेलाइटची कक्षा मुद्दाम बदलली ना? असेलही, पण नुसत्या इंदूरच्या डेटावर तसं ठामपणे म्हणू नकोस.

रिसीव्हर मोजतो ते फक्त अंतर, तेही घड्याळाच्या चुकीसकट. सॅटेलाइटचं घड्याळ १ मायक्रोसेकंद सरकलं तरी रेंज ३०० मीटरनी बदलते आणि ऑर्बिट हलली तरी रेंजच बदलते, एका जागेवरून दोन्ही सारखंच दिसतं. घड्याळ उडालं असेल तर जगात जिथून जिथून तो सॅटेलाइट दिसतोय तिथे सगळीकडे एकच आकडा येईल, ऑर्बिट हलली असेल तर प्रत्येक दिशेला वेगळा. जीपीएसच्या उंचीवरून अख्खी पृथ्वी जेमतेम २८ अंशांत मावते, म्हणजे सॅटेलाइट आपल्या वाटेवर १ किमी मागेपुढे झाला तर कडेच्या स्टेशनला जास्तीत जास्त २४० मीटर फरक दिसतो आणि बरोबर खाली असलेल्याला जवळपास काहीच नाही. म्हणून नुसतं बंगळूर-हैदराबाद घेऊन भागायचं नाही, उझबेकिस्तानातलं किताब आणि खाली दिएगो गार्सिया असे आयजीएसचे, म्हणजे जीपीएससारख्या सॅटेलाइटचा डेटा गोळा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेचे, लांबचे स्टेशन घे, डेटा फुकट आहे.

मग ब्रॉडकास्ट एफेमेरिस, म्हणजे सॅटेलाइट स्वतःच पाठवतो ती आपल्या कक्षेची माहिती, ती संचासंचाने येते. जुना सेट आणि नवा सेट एकाच वेळेवर आणून पोझिशन वजा कर, त्यातला नुसता रूट-ए (कक्षेच्या सेमी-मेजर अ‍ॅक्सिसचं, म्हणजे अर्ध्या लांबीचं, वर्गमूळ) बघू नकोस, तो एरवीही थोडा वरखाली होतच असतो. पुढच्या दिशेने ०.१ मीटर प्रति सेकंद एवढा धक्का बसला तरी सेमी-मेजर अ‍ॅक्सिस साधारण १.४ किमीने वाढतो आणि एका फेरीत सॅटेलाइट १३ किमीच्या आसपास मागे पडतो (हो, मागेच, कक्षा मोठी झाली की फेरीला वेळ जास्त लागतो). पण एक सांभाळ, मॅन्युव्हरच्या वेळी काही तास नवा सेट मिळत नाही आणि जुन्याची मुदत साधारण ४ तासांची, तो पुढे ताणला की नुसत्या ताणण्यानेच बराच फरक येतो, तेव्हा त्याच सॅटेलाइटचा आदल्या दिवसाचा तेवढ्याच तासांचा फरक काढून शेजारी ठेव, त्याच्यापुढे आजचा फरक कितीतरी मोठा निघाला तरच त्याला काही अर्थ.

हेल्थ फ्लॅग (सॅटेलाइट वापरण्याजोगा आहे की नाही ते सांगणारी खूण) आणि नानू, म्हणजे जीपीएस चालवणाऱ्यांची वापरणाऱ्यांसाठीची नोटीस, तर बघच. ठरवून केलेल्या मॅन्युव्हरची एफसीएसटीडीव्ही या प्रकारची नानू आधी येते आणि त्या वेळात सॅटेलाइट अनहेल्दी दाखवतात. तुझ्या उडीच्या वेळी तो हेल्दी असेल आणि नोटीसही नसेल तर मी आधी घड्याळावर संशय घेईन. वेळा जुळवताना साडेपाच तास वजा करायला विसरू नकोस, नोटीस यूटीसीत असते. नंतर आयजीएसची एसपी३ फाइल (सॅटेलाइटच्या नेमक्या जागा आणि घड्याळांची नोंद) उघड, तिच्यात मॅन्युव्हरला 'एम' आणि घड्याळाच्या उडीला 'ई' असा फ्लॅग असतो.

नाविकचं, म्हणजे भारताच्या स्वतःच्या नेव्हिगेशन सॅटेलाइटचं, काम आणखी अवघड आहे, ते सॅटेलाइट ३६,००० किमीवर, तिथून पृथ्वी १७ अंशांचीच. तिथे इस्रोचं टू-वे रेंजिंग (जमिनीवरून सिग्नल पाठवून तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढणं) कामी येतं, कारण त्यात सॅटेलाइटचं घड्याळ मधे येतच नाही.

सॅटेलाइटचा पीआरएन नंबर (त्याचा ओळख क्रमांक), तारीख आणि उडीची वेळ टाक, त्या दिवसाची किताबची फाइल मी काढून बघतो.