आरएसएसआय घाबरवतोय, एलक्यू म्हणतंय सगळं ठीक

प्रश्न : माझा ५ इंची क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) आहे, रिमोट ते ड्रोन रेडिओ लिंक २.४ गिगाहर्ट्झ एक्स्प्रेसएलआरएस, २५० हर्ट्झ, १०० मिलीवॅट. गावी उसाच्या रानावरून उडवताना गॉगलमध्ये आरएसएसआय (सिग्नलचा जोर) उणे ९५ दिसला, घाबरून परत आणला, पण एलक्यू (लिंक क्वालिटी) १००च होता. उलट शहरात सोसायटीमागच्या मैदानात आरएसएसआय उणे ६० आणि एलक्यू ७०! खरं कुणाचं मानायचं? पॉवर वाढवू का?

उत्तर : दोघंही खरंच बोलतायत, फक्त वेगवेगळं. आरएसएसआय म्हणजे हाक किती जोरात आली (आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितकी हाक मोठी) आणि एलक्यू म्हणजे शंभरातल्या किती हाका कळल्या. रात्री शिवारात पार बांधापलीकडून मारलेली हाक बारीक पण स्पष्ट येते, आणि जत्रेत शेजारचा कानाशी ओरडला तरी काय म्हणाला ते कळत नाही, तुमचं सोसायटीचं मैदान म्हणजे जत्रा, घरोघरी वायफाय त्याच २.४ वर.

आत्ता कंट्रोल आहे का, यासाठी एलक्यू बघा. ७० ला क्वाड ऐकतो, सेकंदाला २५० पैकी १७५ पॅकेट पोचतायतच की, पण मी तिथून मागे फिरतो कारण त्यापुढे एलक्यू हळूहळू नाही घसरत, धाडकन पडतो आणि मग फेलसेफ, म्हणजे रिमोटशी संपर्कच तुटतो.

अजून किती लांब जाता येईल हे मात्र आरएसएसआय सांगतो. २५० हर्ट्झला रिसीव्हर साधारण उणे १०८ डीबीएमपर्यंत ऐकतो. म्हणजे उणे ९५ ला तुमच्याकडे १३ डीबी शिल्लक होते. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, मग हिशोब करा, उणे १०१ आणि त्याच्या दुप्पट अंतरावर उणे १०७, तिथं खेळ संपला. १० डीबी शिल्लक ठेवून अलार्म उणे ९८ ला लावा.

पॉवरचं म्हणाल तर १०० ची ४०० केली तरी मिळतात तेच ६ डीबी. आधी रिसीव्हरची अँटेना बघा, ती ३१ मिमीची टोकाकडची तार कार्बनच्या आर्मला चिकटवून टेप मारलेला असतो बऱ्याच जणांचा (माझाही होता, दोन वर्षं!), आणि कार्बन सिग्नल अडवतो. आणि रिमोटच्या अँटेनाचं टोक क्वाडकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो.

उसात पडलाच कधी, आणि बॅटरी जोडलेली असेल, तर पॉवर १० मिलीवॅटवर आणा आणि रिमोटवर आरएसएसआय बघत चाला, उणे ९० चे उणे ७० झाले की समजा योग्य सरीत आहात.