‘तुला स्वतःची खोली आहे का?’

श्वेता आली ती पर्समधून घडी केलेला कागद काढतच. (नाव बदललं आहे, घरचे तपशीलही थोडे हलवले आहेत. लिहायला तिची आणि मुलाची परवानगी आहे.) कागदाच्या कोपऱ्यावर लोणच्याच्या तेलाचा पिवळा डाग होता. "अर्णवच्या दप्तरात तळाला सापडला, ताई. डब्याखाली. आता काय उपयोग, परीक्षा होऊनही गेली."

ही २०१९च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी मध्य न्यू जर्सीत कुटुंबांचं समुपदेशन करते आणि येणाऱ्यांत आपली मराठी माणसं बरीच असतात. श्वेता वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘अहो-जाहो’ गळून पडलं.

पत्र शाळेचं होतं. ‘नेशन्स रिपोर्ट कार्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय चाचणीसाठी, म्हणजे ‘नेप’साठी, तुमच्या मुलाची निवड झाली आहे. भाग घेणं ऐच्छिक आहे. नको असेल तर अमुक तारखेच्या आत लेखी कळवा. ती तारीख उलटून गेली होती. आठवीतल्या अर्णवने शाळेत टॅबलेटवर परीक्षा दिली, घरी आला आणि रात्री जेवताना सहज म्हणाला, "आज शेवटी विचित्र प्रश्न होते. घरात एकापेक्षा जास्त बाथरूम आहेत का, डिशवॉशर आहे का, मला स्वतःची बेडरूम आहे का."

श्वेताच्या नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला.

त्याचं कारण समजायला ते दिवस आठवावे लागतील. त्याचा प्रोजेक्ट डिसेंबरमध्ये संपला होता आणि तो बेंचवर होता, म्हणजे नोकरी होती पण हातात काम नव्हतं. एच-१बी व्हिसावाल्याची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि तो ते आकडे रोज मनात मोजत होता. सरकारी मदत घेणाऱ्यांना ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम आणखी कडक करण्याचा प्रस्ताव २०१८च्या ऑक्टोबरमध्ये आला होता. २०२०च्या जनगणनेत नागरिकत्व विचारायचं की नाही, यावर कोर्टात भांडण चालू होतं. आमच्या भागात त्या वेळी कुणी कसलाही फॉर्म पुढे केला तरी माणसं आधी पेन खाली ठेवायची.

"त्यांना आमची बाथरूम कशाला मोजायची आहे?" श्वेता म्हणाली. "हे इमिग्रेशनकडे जातं का? अर्णवच्या नावावर कायमचं राहतं का? आणि आता ‘आम्हाला नको होतं’ म्हटलं तर शाळा त्याच्यावर डूख धरेल का?"

हे तीन प्रश्न मी इतक्या आयांकडून ऐकले आहेत की आता मोजतही नाही. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते.

‘नेप’ १९६९पासून चालू आहे. चौथी, आठवी आणि बारावीतली मुलं नमुना म्हणून निवडतात. निकाल देशाचा लागतो, राज्यांचा लागतो, काही मोठ्या शहरांचा लागतो; मुलाचा लागत नाही. अर्णवला किती गुण पडले हे त्याला, आईला, शिक्षकांना कुणालाच कळत नाही. मुलाचं नाव शाळेतच राहतं, उत्तरांबरोबर बाहेर जात नाही. माहिती फोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. कुटुंबाच्या वैयक्तिक श्रद्धा आणि मतं तपासायला ‘नेप’च्या कायद्याने मनाई केली आहे. नागरिकत्वाचा किंवा व्हिसाचा प्रश्न त्यात नसतो. मग बाथरूम कशाला? तर मुलाला ‘तुझ्या बाबांचा पगार किती’ असं विचारता येत नाही आणि विचारलं तरी त्याला माहीत नसतं, म्हणून घरातल्या वस्तूंवरून परिस्थितीचा अंदाज बांधतात. घरात पुस्तकं किती, हा प्रश्नही त्यातलाच.

मी तिला आधीच्या चाचणीची प्रश्नावली संगणकावर उघडून दाखवली. ती जाहीर असते, कुणालाही वाचता येते. श्वेता एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. ‘फक्त तुमच्या कुटुंबासाठी असलेला कपडे वाळवायचा ड्रायर’ यावर थांबली आणि हसली. त्यांचा ड्रायर इमारतीच्या तळघरात, क्वार्टरची नाणी टाकून चालणारा. स्वयंपाकघराच्या खिडकीत नाण्यांची बरणी ठेवलेली असते, तीत कुणी हात घातला की सासूबाई ओरडतात.

"आणि प्रत्येक प्रश्न सोडता येतो," मी म्हटलं. "काहीही न लिहिता पुढे जाता येतं. त्याबद्दल कुणी जाब विचारत नाही."

"हे अर्णवला कुणी सांगितलं असेल का?"

सूचनेत सांगितलेलं असतं. पण तेरा वर्षांच्या मुलाने तासभर प्रश्न सोडवल्यावर त्याच टॅबलेटवर, तशाच अक्षरात पुढचा प्रश्न आला की तो मुलगा त्यालाही परीक्षाच समजतो. आपल्या घरांतून वाढलेला तर नक्कीच. ‘रिकामी जागा सोडायची नाही, काहीतरी लिहून ये’ हे आपणच पहिलीपासून त्याच्या कानीकपाळी ओरडलेलो असतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्याआधी काही वर्षं माझ्याकडे असंच एक कुटुंब आलं होतं, आणि मी फारसा विचार न करता सांगून टाकलं होतं, "नको वाटत असेल तर नकार कळवा, तुमचा हक्क आहे." हक्क होताच. त्यांनी कळवलं. परीक्षेच्या दिवशी वर्गातली बरीच मुलं एका खोलीत गेली आणि ती मुलगी ग्रंथालयात एकटी बसली. दुपारी मैत्रिणींनी विचारलं, "तुला का नाही घेतलं?" तिला उत्तर माहीत नव्हतं, कारण घरी तिला कुणी विचारलंच नव्हतं. आईबाबांना खटकत होते शेवटचे चार प्रश्न, आणि मी त्यांना पूर्ण परीक्षाच सोडायला लावली. प्रश्नावली नाकारणं आणि परीक्षा नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी मला सुचायला हवं होतं. (राज्याची वसंतातली परीक्षा हे तिसरंच प्रकरण. तिचे गुण मुलाच्या नावावर येतात आणि तिला ‘नेप’सारखी ऐच्छिकपणाची मोकळीक नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात, मग एकीचा राग दुसरीवर निघतो.)

श्वेता बरीच शांत होऊन गेली. जाताना म्हणाली, "एकदा अर्णवशी बोलाल का? तो दोन दिवस गप्प आहे."

अर्णव पुढच्या गुरुवारी आला. उंच होत चाललेला, हुडीच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. आई बाहेर बसली. मी परीक्षेचं नावही काढलं नाही, त्यानेच काढलं.

"आंटी, खोटं लिहिलं तर प्रॉब्लेम येतो का?"

"काय खोटं लिहिलंस?"

"बेडरूम. मी येस केलं."

अर्णव आजीबरोबर झोपतो. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, आजी सहा महिन्यांसाठी आलेली, भिंतीला लागून तिची खाट आणि खाली त्याची गादी. आजी पहाटे पाचला उठून पुटपुटत जप करते आणि त्याला सोमवारी परीक्षा असली तरी करतेच. शेजारच्या बाकावर एक मित्र होता. त्याने स्क्रीन पाहिला असता असं अर्णवला वाटलं. मुळात कुणी पाहणार नव्हतं. पण तेराव्या वर्षी सगळं जग आपल्या स्क्रीनकडेच बघत असतं.

"आणखी एक," तो म्हणाला. "घरी इंग्लिशशिवाय दुसरी लँग्वेज किती बोलता. मी ‘वन्स इन अ व्हाइल’ केलं."

आत्तापर्यंत हा मुलगा माझ्याशी अर्धं मराठीतच बोलत होता. आजीशी तर चोवीस तास मराठी, तिला दुसरं येतच नाही.

"का रे?"

"बाबा म्हणतात ना, बाहेर आपलं काही सांगायचं नाही."

मग माझ्या लक्षात आलं. जेवताना घास अडला ती काही पहिली वेळ नव्हती. डिसेंबरपासून त्या घरात फोन आला की दार लोटलं जायचं, आवाज खाली यायचे, आणि मुलाला कुणी काही सांगत नव्हतं. त्याने स्वतःच अंदाज बांधला होता की आपल्या घरात लपवण्यासारखं काहीतरी आहे. पण नेमकं काय, हे माहीत नसल्याने तो सगळंच लपवत होता. खोली, आजी, भाषा.

मी त्याला म्हटलं, उत्तराने काही बिघडत नाही, त्यावर तुझं नाव नाही. मग विचारलं, "तिथे तिसरा रस्ता होता, माहीत होतं का? रिकामं सोडायचा?"

"मार्क जातात ना पण."

"याला मार्क नव्हते."

त्याने पहिल्यांदा बाह्या वर केल्या. "मग विचारतात कशाला?" आईचाच प्रश्न, आईच्याच सुरात.

त्यानंतरच्या दोन बैठका मी आईबाबांबरोबर घेतल्या, आणि त्यांत परीक्षेबद्दल जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं. नोकरीचं मुलाला किती सांगायचं, यावरच सगळा वेळ गेला. बाबांचं म्हणणं, लहान आहे, घाबरेल. मी म्हटलं, घाबरलेलाच आहे, फक्त कशाला ते त्याला ठाऊक नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारी गाडी धुताना सांगतो. समोरासमोर बसून मला जमणार नाही." उत्तम. गाडी धुताना निम्मी महत्त्वाची बोलणी होतात.

कायद्याचं म्हणाल तर शाळेत येणारी प्रत्येक प्रश्नावली ‘नेप’इतकी सोवळी नसते. त्यासाठी १९७८चा एक केंद्रीय कायदा आहे, ‘पीपीआरए’ म्हणतात त्याला. राजकीय मतं, मानसिक त्रास, लैंगिक वर्तन, बेकायदा किंवा स्वतःला गोत्यात आणणारं वागणं, घरच्यांवर टीका, वकील-डॉक्टर-धर्मगुरूंशी असलेलं गोपनीय नातं, धर्म आणि उत्पन्न असे आठ विषय त्यात आहेत. शिक्षण खात्याच्या पैशातून होणाऱ्या पाहणीत मुलाला यातलं काही सक्तीने विचारायचं असेल तर पालकांची आधी लेखी संमती लागते. बाकी पाहण्यांत आधी सूचना द्यावी लागते आणि नकाराची संधी ठेवावी लागते. प्रश्न बघायला मागायचा हक्कही आहे, आणि तो फारच थोडे पालक वापरतात. आमच्याच राज्यात १९९९ साली रिजवुडमध्ये सातवी ते बारावीच्या मुलांना १५६ प्रश्नांची पाहणी दिली गेली. त्यात ड्रग्ज, लैंगिक संबंध, आत्महत्येचे विचार, आईवडिलांशी नातं, सगळं होतं. पालक कोर्टात गेले. २००५ साली केंद्रीय अपील न्यायालयाने घटनेतल्या हक्कांचा भंग झाला नाही असा निकाल दिला, पण त्याआधीच त्या वादातून न्यू जर्सीत लेखी संमतीचा राज्य कायदा आला होता. पुढे आरोग्याच्या काही पाहण्यांपुरता तो सैलही झाला.

माझं स्वतःचं मत विचारलंत तर आत्महत्येच्या विचारांबद्दल निनावी विचारणाऱ्या पाहण्या मला हव्याशा वाटतात. आपल्या घरांत तो प्रश्न कुणीच विचारत नाही. पण हे माझं मत झालं. तुमच्या घरचा निर्णय तुमचा, आणि तो घेताना मुलाला खोलीबाहेर काढू नका एवढंच मी सांगते.

अर्णव मला परत भेटला तो २०२२च्या वसंतात, अकरावीत. बाबांना २०१९च्या मार्चमध्येच नवा प्रोजेक्ट मिळाला होता. आता मोठं घर, त्याला स्वतःची खोली. शाळेतच एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, होणार होती. त्याआधी एका तासिकेत बसवून माहिती भरून घेत होते. त्यात काही ऐच्छिक प्रश्न होते, आणि कॉलेजांनी तुमच्याशी संपर्क साधावा का, अशी एक चौकट.

या चौकटीबद्दल मी ‘नेप’पेक्षा जास्त सावध करायचे. तेव्हा इथे उत्तराला नाव चिकटलेलं असायचं आणि पुढे ते कॉलेजांना मिळायचं. एसएटी घेणारी संस्था, म्हणजे कॉलेज बोर्ड, त्यासाठी कॉलेजांकडून पैसे घ्यायची; २०१९ साली एका नावाचा दर ४७ सेंट होता. हे प्रश्न ऐच्छिक असतात हे मुलांना आणि पालकांना नीट कळत नाही, असं केंद्रीय शिक्षण खात्याने २०१८च्या मे महिन्यातच राज्यांना आणि शाळांना बजावलं होतं. पुढे २०२४च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याबरोबरच्या तडजोडीत कॉलेज बोर्डाला साडेसात लाख डॉलर भरावे लागले. एकट्या २०१९ सालात तिथल्या २,३७,०००हून जास्त विद्यार्थ्यांची माहिती गैररीत्या पुढे दिली, असं त्या राज्याचं म्हणणं होतं. दुसरी बाजूही सांगते: ज्यांच्या घरात कुणी इथे कॉलेजला गेलेलं नाही, त्यांच्या मुलांना अशा पत्रांमधून कधी कधी नवी कॉलेजं, शिष्यवृत्त्या कळतात. आणि चौकट भरली काय, न भरली काय, प्रवेशाच्या निर्णयाशी तिचा संबंध नाही.

अर्णवने मला फोनवर विचारलं नाही, कळवलं. "आंटी, मी ते ब्लँक सोडलं. भाषेचा एक प्रश्न होता, तो भरला. मराठी लिहिलं."

दोन महिन्यांनी श्वेताचा मेसेज आला. "ताई, शेजारच्या रियाला रोज चार कॉलेजांची पत्रं येतात. आमची पेटी रिकामी. अर्णवने ती चौकट सोडली म्हणून असेल का? आता भरता येईल का?"

मी तिला लिहिलं, "अर्णवला विचार."